समग्र सरांबद्दल चार पत्रं

विद्यापीठाच्या फाटकावर, माहितीपुस्तकावर, जिन्यातल्या फळ्यांवर आणि कॅन्टीनच्या कागदी रुमालांवरसुद्धा एकच वाक्य छापलेलं होतं: आम्ही पूर्ण माणूस घडवतो. विद्यापीठ एका कॅथलिक धर्मसंघाचं होतं, त्यामुळे बाकीची विद्यापीठं अर्धवट सोडून देतात ते काम इथे पुरं केलं जाई, निदान रुमालांवर तरी. आणि घडवण्याचं प्रत्यक्ष काम, म्हणजे पहिल्या वर्षाच्या झाडून सगळ्या मुलामुलींना ‘समग्र माणूस’ हा सक्तीचा विषय शिकवणं, सव्वीस वर्षं एकट्या सरांच्या गळ्यात होतं.

पहिल्या तासाला सर फळ्यावर नुसत्या हाताने एक वर्तुळ काढत. ते इतकं गोल येई की इंजिनिअरिंगची मुलं तास संपल्यावर दोरी लावून खात्री करून घेत. मग त्याचे चार भाग पडत: बुद्धी, शरीर, भावना, आत्मा. यातला एक भाग जरी दुबळा राहिला तरी चाक फिरत नाही, असं म्हणून सर वर्गाकडे बघत आणि वर्ग घड्याळाकडे बघे. मुलं पाठीमागे त्यांना ‘समग्र’ म्हणत. सरांना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घरी फळा नव्हता, म्हणून सर तोंडी शिकवत. घास किती वेळा चावावा, टॉवेलाच्या घड्या दोन का तीन, बायकोने कालच सांगितलेल्या गोष्टीतला नेमका मुद्दा काय होता, हे सगळं ते न विचारता समजावून देत. बाई, म्हणजे सरांची बायको, एका दवाखान्याच्या औषध विभागात सकाळपाळीला होत्या आणि दोन वाजता घरी येत. सर येत सात वाजता. मधले पाच तास त्या काय करत, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या पाय वर घेऊन बसत. कुणी काही समजावून देत नसे.

दोन वर्षांपूर्वी सर प्रार्थनामंदिराच्या पायरीवरून घसरले होते आणि घोटा मोडून सतरा दिवस घरी होते. त्या सतरा दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे मीठ आणि साखर शेजारी आली आणि व्हायचं ते झालं. फ्रिजवर घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक लागलं. दुसऱ्या गावी दातांची डॉक्टर असलेली लेक बापाला भेटायला आठवडाभराची रजा काढून आली आणि एका पेशंटची दाढ अचानक फार दुखायला लागल्याचं सांगून दुसऱ्या दिवशी परत गेली. घरात अजूनही एखादी गोष्ट कधी घडली ते सांगताना ‘त्या सतरा दिवसांच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असं म्हणत.

तर अशा सरांची या वर्षअखेर निवृत्ती होती.

घरी बसायचं म्हणजे काय करायचं, याचा त्यांनी कधी विचारच केलेला नव्हता. सुदैवाने विद्यापीठाने त्याच सुमारास ‘समग्र विकास केंद्र’ काढायचं ठरवलं. केंद्राला संचालक हवा होता, आणि संचालकाला आणखी पाच वर्षं, स्वतंत्र खोली आणि शनिवारीसुद्धा येण्याची मुभा मिळणार होती. हे पद आपल्यासाठीच जन्माला आलंय याबद्दल सरांना शंका नव्हती. त्यांनी आपल्या एकशेचार लेखांची यादी बांधून घेतली आणि विद्यापीठाचे प्रमुख असलेल्या रेक्टर फादरांच्या पुढ्यात ठेवली.

फादरांनी यादी तळहातावर ठेवून वजनाचा अंदाज घेतला आणि न उघडता बाजूला ठेवली. मग त्यांनी समजावून सांगितलं, ते असं. त्यांच्या धर्मसंघात कुणाला वरच्या जागेवर नेमायचं असलं की त्याने काय लिहिलं, कुठे भाषण दिलं, हे कुणी विचारत नाही. त्याच्याबरोबर एका छपराखाली तीन वर्षं राहिलेल्या चार माणसांकडून गुप्त पत्रं मागवतात. हा माणूस ऐकून घेतो का, रागावला की काय करतो, आजारी पडला की इतरांचं काय होतं, स्वतःची ताटली उचलतो का. शेकडो वर्षांची पद्धत आहे. पूर्ण माणूस घडवण्याचं केंद्र काढायचं तर संचालकासाठीही हीच पद्धत लावावी, असं फादरांना वाटत होतं.

सव्वीस वर्षांत पूर्णत्वाबद्दल सरांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते, पण ही चौकशी कुणी घरी जाऊन करील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एका छपराखाली राहिलेली चार माणसं मोजायला वेळ लागला नाही. बायको, लेक, लहानपणापासून लग्न होईपर्यंत सरांकडेच वाढलेला धाकटा भाऊ, आणि चौथ्या सासूबाई. सासूबाईंचं नाव टाळता आलं तर पाहावं म्हणून सरांनी वसतिगृहातल्या जुन्या मित्राचा शोध घेतला, पण तो चार वर्षांपूर्वीच वारला होता. सरांना वाईट वाटलं. एरवी वाटलं असतं त्यापेक्षा जरा जास्तच वाटलं.

सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवलं होतं आणि गेली एकोणतीस वर्षं त्या लेकीकडे होत्या. आता डोळे गेले होते, त्यामुळे दिवसभर रेडिओ, तोही शेजारच्यांना वेगळा लावावा लागू नये इतका मोठा. सर येता-जाता आवाज कमी करत, सासूबाई वाढवत. हवामानापासून मंत्रिमंडळापर्यंत एकाही विषयावर दोघांचं कधी जमलं नव्हतं. पावसाचा अंदाज खोटा ठरला तरी सासूबाई जावयाला जबाबदार धरत.

सर स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी घरच्यांच्या सोयीसाठी ‘मार्गदर्शक मसुदा’ तयार केला. चार परिच्छेद, बुद्धी, शरीर, भावना, आत्मा या क्रमाने. तिसऱ्या परिच्छेदात ‘ते आमच्या कुटुंबाचे दीपस्तंभ आहेत’ असं वाक्य होतं आणि त्यापुढे कंसात सूचना होती: येथे एखादा घरगुती प्रसंग लिहावा.

मसुदा बायकोला दिला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ठेवा तिथे, म्हणाली. तीन दिवस तो तिथेच होता. चौथ्या दिवशी सरांनी आठवण केली आणि ओघात केंद्राची माहितीही सांगितली.

“हे पद मिळालं तर रोज जावं लागेल?” तिने विचारलं.

“रोज. शनिवारीसुद्धा.”

“पाच वर्षं?”

“निदान पाच.”

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला, पेन घेतलं आणि उभ्या उभ्या, ओट्यावर कागद ठेवून पत्र लिहून टाकलं. सरांचा ऊर भरून आला. एकतीस वर्षांच्या संसारात आपलं काम तिने इतक्या तातडीने कधी केल्याचं त्यांना आठवेना. लेकीचा संध्याकाळी फोन आला, आईशी बोलणं झालंय बाबा, आजच पाठवते. भाऊ तर म्हणाला, दादा, लागली तर दोन पत्रं देतो. माणसाच्या पाठीशी घर उभं राहतं ते असं, असं सर स्टाफरूममध्ये दोघातिघांना म्हणालेही.

उरल्या सासूबाई. सर त्यांच्या खोलीत गेले, रेडिओच्या आवाजाला हात न लावता खुर्चीवर बसले आणि मसुदा वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सासूबाईंनी ऐकलं.

“दुसऱ्याने बेतलेलं मी कधी शिवलं नाही, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आणि पत्र गुप्त आहे ना? मग तुम्ही इथून उठा.”

मग त्यांनी लेकीकडून नंबर फिरवून घेतला आणि थेट रेक्टर फादरांना सांगितलं, मला दिसत नाही, लिहून घ्यायला माणूस पाठवा. माणूस कुठला मिळणार, फादर स्वतःच दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलवरून आले. सर तेव्हा वर्गावर होते. घरी आल्यावर बायकोकडून कळलं की फादर दीड तास बसले, तीन कप चहा प्यायले आणि दार लावलेलं होतं.

“आतून काही ऐकू आलं?” सरांनी विचारलं.

“हसत होते दोघं,” ती म्हणाली.

सरांची पाचावर धारण बसली. रडण्याचा आवाज आला असता तरी एक वेळ परवडलं असतं. पुढचा आठवडा त्यांनी सासूबाईंची अशी काही सेवा केली की घरात भीतीच पसरली. रेडिओला नवे सेल आणले. आवाज स्वतःच्या हाताने वाढवला. हवामानाचा अंदाज चुकला तेव्हा दिलगिरी व्यक्त केली. सासूबाईंनी दोन-तीन दिवस सहन केलं आणि मग म्हणाल्या, पत्र गेलं जावईबापू, आता उगाच कशाला.

शुक्रवारी सकाळी फादरांचं बोलावणं आलं.

फादरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एका संताचा पितळी अर्धपुतळा ठेवलेला असे. त्यांनी संताला मानेला धरून बाजूला केलं आणि चार लिफाफे पुढे ओढले.

“पत्रं गुप्त आहेत, त्यामुळे तुम्हाला दाखवता येणार नाहीत,” ते म्हणाले. “वाचून दाखवतो.”

पहिल्या पत्रात सर दीपस्तंभ होते. दुसऱ्यातही होते. तिसरं पत्र भावाचं, त्याने मसुद्याचीच झेरॉक्स काढून खाली सही केली होती. हे सगळं सरांना अपेक्षितच होतं, पण फादर वाचताना मध्येच थांबून, ओळीवर बोट ठेवून, कंसासकट एक वाक्य वाचत होते, आणि ते तिन्ही पत्रांत होतं. येथे एखादा घरगुती प्रसंग लिहावा. लेकीने ते टाइप केलं होतं. बायकोने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

सरांनी घाईघाईने सांगितलं की मसुदा केवळ मार्गदर्शनासाठी होता, घरची माणसं साधी आहेत, शिफारस मात्र मनापासून आहे.

“शिफारस मनापासून आहे यात शंकाच नाही,” फादर म्हणाले. “म्हणून तर मला काळजी वाटली. सर, आमच्याकडे एखादा माणूस घरात सगळ्यांना नकोसा झाला की सगळे मिळून त्याची शिफारस करतात. वर गेला की त्या घरातून जातो. मी स्वतः धर्मसंघाच्या तीन घरांतून असाच वर आलोय. माझ्या पत्रांत काय काय लिहिलं होतं ते वाचलं असतंत तर तुम्ही माझ्या पाया पडला असतात.”

बायकोने ओट्यावर उभ्या उभ्या लिहिलेलं पत्र सरांना आठवलं. रोज जावं लागेल? पाच वर्षं? आपला ऊर भरून आला होता हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी इतका नकोसा आहे घरात?” त्यांनी विचारलं.

“दिवसभर,” फादर म्हणाले. “सात नंतर चालत असाल.”

सरांना राग आला. आधी बायकोचा, मग लेकीचा, मग झेरॉक्स काढणाऱ्या भावाचा. ज्याच्या शाळेच्या वह्यांना आपण कव्हरं घातली त्याला एक प्रसंग आठवू नये? राग सरल्यावर खाली जे उरलं ते फार वाईट होतं. त्यांना रडू येत होतं आणि समोर माणूस होता.

फादरांनी मधल्या वेळात चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग त्यांनी चौथा लिफाफा उघडला. अक्षर आपलं आहे, पण एकाही शब्दाला आपण हात लावलेला नाही, त्यांनी लावू दिला नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. आणि वाचायला सुरुवात केली.

“माझ्या जावयाला ही नोकरी देऊ नका. जावई एकोणतीस वर्षं माझ्याशी भांडतात. बाकी सगळे मला हो म्हणतात. माझी लेक हो म्हणते, नात फोनवर हो म्हणते, डॉक्टर हो म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला सगळे हो म्हणायला लागले की समजावं, आपल्या बोलण्याकडे आता कुणाचं लक्ष नाही. जावई नाही म्हणतात. का नाही ते समजावून सांगतात, फार लांब सांगतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं चुकीचं असतं. पाय मोडला तेव्हा सतरा दिवस घरी होते. रोज मला पेपर वाचून दाखवायचे, प्रत्येक बातमीत स्वतःचं मत घालून. बातमी कुठली आणि मत कुठलं ते ओळखायचं हा माझा खेळ होता. एकदा दुपारी भांडता भांडता आमचं जेवायचं राहिलं. माझ्या लेकीला ते दिवस जड गेले, तिचं खरं आहे. माझे बरे गेले. पूर्ण माणूस आहेत का, असं तुम्ही विचारलंत. नाहीत. अजून कच्च्या टाक्यांवर आहेत. बाह्यासुद्धा उलट्या लागल्यात, उसवून लावाव्या लागतील. असा कपडा मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. घरी पाठवा.”

फादरांनी कागद घडी करून लिफाफ्यात घातला.

“ताटली उचलत नाहीत, असंही सांगितलं त्यांनी,” ते म्हणाले. “ते मी लिहिलं नाही. थोडं तरी हातचं राखावं माणसाने.”

सरांनी रुमाल काढला. तो नेमका कॅन्टीनचा कागदी रुमाल होता, पण त्यावरचं वाक्य वाचण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

फादर म्हणाले की पद ते देऊ शकतात. तीन चांगली पत्रं आहेत, समितीला तेवढी पुरतील, कंसातली वाक्यं समिती वाचत नाही. तसंही पूर्ण माणसाची वाट बघत बसलं तर केंद्राला टाळं लागेल. आपण आजवर पूर्ण माणसं पाहिली ती फक्त दफनभूमीत, दगडांवर लिहिलेली. तेव्हा संचालक व्हायचं की नाही ते सरांनीच सांगावं.

सरांनी एकशेचार लेखांची यादी बघितली. ती अजून तिथेच होती, बांधलेली. त्यांना ते पद हवं होतं. अजूनही हवं होतं. स्वतंत्र खोली, दारावर नाव, शनिवार. आणि दुसरीकडे एक आंधळी म्हातारी होती, जिला ते कधी फारसे आवडले नव्हते, निदान त्यांची तशी समजूत होती. पण घरी या, असं आजवर त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. कधी येणार, असं विचारत. त्यातला फरक त्यांना आज कळला होता आणि आता तो कळला नाही असं करता येत नव्हतं.

“नको,” सर म्हणाले. हा शब्द आपण कुणाचं तरी ऐकून घेऊन उच्चारतोय, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

त्या दिवशी त्यांनी दुपारचे तास रद्द केले. अडीच वाजता घराचं दार उघडलं तेव्हा बाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. सरांना बघताच त्यांनी पाय खाली घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. चेहरा रोजच उतरत असणार. सरांनी तो आज पहिल्यांदा पाहिला.

“बरं नाही का तुम्हाला?”

“बरं आहे. पद नाही घेतलं मी. वर्षअखेरपासून घरीच असणार.”

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. पाच वर्षांच्या दुपारी हातातून जाताना त्यांना दिसत असाव्यात. सर समोरच्या खुर्चीत बसले. बायकोला धीर द्यावा, निवृत्तीचे चार पैलू समजावून सांगावेत, असं अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“तुला एकसुद्धा प्रसंग सुचला नाही का गं?” त्यांनी विचारलं.

“सुचले की,” बाई म्हणाल्या. “लिहिले असते तर तुम्हाला नोकरी मिळाली नसती.”

सरांना हे लागलं. चांगलंच लागलं. उठून आत जावं, दार लावून घ्यावं, असं वाटलं. पण ज्या घरात आता रोज चोवीस तास काढायचे तिथे कितीदा दार लावून घेणार.

“मग आता सांग,” ते म्हणाले.

“आत्ता?”

“मला वेळ आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग सांगायला लागल्या. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यातला प्रसंग होता. सरांनी तो पहिला महिना होता हे सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरा लेकीच्या जन्माच्या वेळचा होता, दवाखान्यातला, आणि तो सरांना मुळीच आठवत नव्हता, पण ऐकताना आपण तसं वागलो असणार याबद्दल त्यांना संशय उरला नाही. बाईंचा आवाज चढला, मग खाली आला. तिसरा प्रसंग त्या अगदी हळू आवाजात सांगत होत्या, तेवढ्यात आतल्या खोलीत रेडिओ खटकन बंद झाला.

“जरा मोठ्याने सांग,” सासूबाई आतून म्हणाल्या. “मला इथे काही ऐकू येत नाहीये.”

सरांनी दोन खुर्च्या उचलून सासूबाईंच्या खोलीत नेल्या, बायकोला हाक मारली आणि बसल्यावर म्हणाले, पहिल्यापासून सांग, यांचे दोन ऐकायचे राहिलेत.